ठिपका विझेपर्यंत

मी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहे. २००१ साली लागलो तेव्हा डार्करूम होती. लाल दिव्यात फिल्म डेव्हलपरमधून काढायची, पाण्यात बुचकळायची, फिक्सरमध्ये सोडायची. बोटांचा तो आंबूस वास घरी साबणाने घासूनही जायचा नाही. आता सगळं डिजिटल झालंय, "श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा" एवढं मात्र तेच राहिलंय. त्यामुळे एमएस्सी करणाऱ्या पुतणीने आपल्या प्रोजेक्टबद्दल सांगताना 'एक्स-रे' म्हटलं तेव्हा मी जरा फुशारकीनेच म्हणालो, "मग मला विचार की. जन्म त्यातच गेलाय."

"काका, तुझे एक्स-रे वेगळे आणि माझे वेगळे," ती म्हणाली. ते निम्मंच खरं निघालं.

तिचा विषय होता गॅमा-किरण स्फोटांचा एक्स-रे आफ्टरग्लो. एखादा दांडगा तारा कोसळून कृष्णविवर होताना, किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना, गॅमा किरणांचा झोत सुटतो. बहुतेकदा काही सेकंद, फार तर काही मिनिटं. मग तो संपतो. पण झोतातला माल भोवतालच्या विरळ वायूत घुसतो, तिथे धक्का बसतो आणि इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत एक्स-रे, प्रकाश, रेडिओ लहरी सोडत राहतात. हे तास, दिवस, कधी महिने चालतं. (आमच्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आपटतात, त्यांना एकदम ब्रेक लागतो, तेव्हा एक्स-रे निघतात. तिथे वळणावर निघतात, एवढाच फरक.) आफ्टरग्लोला मराठीत काय म्हणायचं यावर आमचं एक अख्खं जेवण गेलं. पुतणीने 'उत्तरदीप्ती' काढला. आई ताटावरून न उठताच म्हणाली, "चूल विझवली तरी राखेत राहते ती धग की रे." तेव्हापासून आमच्या कळव्याच्या घरात त्या प्रकाराचं नाव धग.

पुतणीला माझ्याकडून ज्ञान नकोच होतं. तिला हवा होता गिनिपिग. तिने स्वतः केलेली सगळी कृती पायरीपायरीने वहीच्या सहा पानांवर लिहिली होती, आणि खगोलशास्त्राचा गंध नसलेल्या माणसाला ती वाचून धग सापडते का, हे बघायचं होतं. "तुला जमलं तर ते कोणालाही जमेल," असंही वर ऐकवलं. अट एकच: मला दिलेल्या स्फोटाचा तयार आलेख बघायचा नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाने नासाच्या स्विफ्ट उपग्रहाने टिपलेल्या स्फोटांचे एक्स-रे आलेख आपोआप काढून सगळ्यांसाठी खुले ठेवलेत; तिकडे फिरकायचं नाही.

स्फोट तिनेच दिला, २९ जुलै २००६ चा. नाव जीआरबी ०६०७२९: जीआरबी म्हणजे गॅमा-रे बर्स्ट, पुढे नुसती तारीखच, वर्ष-महिना-दिवस अशी. जागतिक वेळेप्रमाणे संध्याकाळचे सात वाजून बारा मिनिटं झाली होती. आपल्याकडे घड्याळ पुढे, म्हणजे रात्रीचे १२ वाजून ४२ मिनिटं आणि तारीख ३०. मी जुन्या ड्युटी डायऱ्या माळ्यावरून काढून बघितल्या. त्या शनिवारी मी नाइटला होतो. पावसाळ्यातली शनिवारची नाइट म्हणजे घसरलेले बाइकवाले, मनगटं, कॉलर बोन. मी इथे मनगटांची फिल्म काढत असताना वरून पाच अब्जांहून जास्त वर्षं प्रवास करून आलेले एक्स-रे उपग्रहावर पडत होते. म्हणजे सूर्य जन्मायच्या आधी निघालेले. हे डोक्यात शिरल्यावर त्या स्फोटाशी माझं उगाचच नातं जुळलं.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही. नासाचं हीसॉफ्ट नावाचं फुकट पॅकेज आहे, ते जुन्या लॅपटॉपवर चढवायला एक रात्र आणि पुतणीचे सात फोन लागले. निरीक्षणंही फुकटच, कोणीही उतरवून घ्यावीत. मला याचंच नवल वाटत राहिलं. आमच्याकडे एका रुग्णाची प्लेट दुसऱ्या खात्यात न्यायची तर सही लागते.

उपग्रहाची रचना वाचताना मात्र मी रमलो. स्विफ्ट २० नोव्हेंबर २००४ ला गेला. स्फोट आधी हेरतो तो त्यावरचा बॅट नावाचा डोळा. तो साधारण १५ ते १५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे किरणांच्या ऊर्जेचं माप) किरण बघतो. हाताच्या प्लेटला आम्ही ट्यूबला ५०-५५ केव्ही, म्हणजे किलोव्होल्ट, लावतो, छातीला ११०-१२०. म्हणजे माझाच रोजचा पट्टा! एवढ्या ताकदीचे किरण आरशाने एकवटणं अवघड, म्हणून बॅटच्या डोक्यावर शिशाच्या सुमारे ५२,००० चौकोनी चकत्या वेड्यावाकड्या नक्षीत बसवल्यात. प्रत्येक चकती ५ मिलिमीटरची. स्फोट झाला की त्या नक्षीची सावली खालच्या ३२,७६८ डिटेक्टरांवर पडते, आणि सावली कुठे सरकली त्यावरून दिशा काढतात. शिसं आणि सावली. मी तरी दुसरं काय करतो?

दिशा कळली की उपग्रह स्वतःच वळतो आणि एक्सआरटी ही दुर्बीण तिकडे रोखतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या, एकात एक बसवलेल्या बारा नळ्या. किरण त्यांना चाटून जातात आणि साडेतीन मीटर मागे एका सीसीडीवर, म्हणजे कॅमेऱ्यात असते तशा चिपवर, जमतात. पट्टा ०.३ ते १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. हे मऊ किरण आम्ही ट्यूबच्या तोंडाशी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावून गाळून टाकतो, कारण ते रुग्णाच्या कातडीतच अडकतात आणि चित्राला उपयोग शून्य. मी आयुष्यभर जे गाळत आलो तेच तिथे थेंबथेंब जमवतात. पुतणीचं निम्मं खरं होतं ते इथे.

त्या सीसीडीचाही इतिहास आहे. तो उणे १०० अंशांवर ठेवायचा होता, पण उपग्रह गेल्यावर थोड्याच दिवसांत थंडावा देणारी यंत्रणा बंद पडली. आता अंतराळातच उष्णता सोडून भागवतात, जेमतेम उणे ५०-६० पर्यंत जातो. वर २७ मे २००५ ला एक सूक्ष्म उल्का दुर्बिणीत शिरून त्यावर आपटली. काही रांगा कायमच्या पांढऱ्या पडल्या. आमच्या डिटेक्टरवरही एक मेलेली रेघ आहे, तिला चुकवूनच आम्ही रिपोर्ट देतो, त्यामुळे मला त्या सीसीडीबद्दल बंधुभाव वाटला.

आता प्रत्यक्ष काम. फाइल उघडली तर चित्र नव्हतंच, तक्ता होता. प्रत्येक ओळीत एक फोटॉन, म्हणजे किरणाचा एक कण: किती वाजता आला, सीसीडीच्या कुठल्या घरात (पिक्सेलमध्ये) पडला, किती ऊर्जेचा होता. मी बराच वेळ नुसता खालीवर करत बसलो. छातीच्या एका प्लेटला अब्जावधी फोटॉन जातात, त्यांची खानेसुमारी कोण करतो. काळं झालं, पांढरं झालं, एवढंच आम्ही बघतो. इथे एकेका फोटॉनची हजेरी मांडलेली.

पुतणीच्या वहीत 'सुरुवातीपासून सुरू कर' असं लिहिलं होतं. मी शेवटापासून केलं. कारण सुरुवातीची निरीक्षणं वेगळ्या पद्धतीची असतात: किरण फार असताना सीसीडी चित्र काढायच्या फंदात पडत नाही, सगळं एका रेघेत दाबून सुमारे १.८ मिलिसेकंदांच्या हिशोबाने वाचतो. मला ती रेघ समजेना. नंतरची निरीक्षणं मात्र सरळ चित्रं होती, काळ्यावर पांढरे ठिपके. त्यातला एक चांगला टपोरा ठिपका धरला, भोवती वर्तुळ काढलं, आतले कण मोजले. पुढच्या आठवड्याच्या निरीक्षणात तोच ठिपका, पुन्हा मोजले. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. काही धगी मध्येच बराच काळ एकसारख्या तेवतात, आलेखात पठार येतं, असं मी वाचलं होतं. झालं! मी रात्री साडेअकराला फोन केला: "मला तीन आठवड्यांचं पठार सापडलंय."

पलीकडे शांतता. मग, "काका, कोऑर्डिनेट जुळवलेस?"

नव्हते जुळवले. माझा टपोरा ठिपका स्फोटाच्या जागेपासून चांगला लांब होता. बहुधा कुठल्या तरी दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर, जे आपलं वर्षानुवर्षं तसंच धगधगतंय. स्फोटाशी त्याचा काही संबंध नाही. खरी धग शेजारी होती, आणि माझ्या तीन आठवड्यांत ती उतरत गेलेली.

तेव्हा तिने मला १९९७ ची गोष्ट सांगितली, आणि तिथून मला हे काम कशाचं आहे ते कळलं. स्फोटांचा शोध २ जुलै १९६७ चा. वेला नावाचे अमेरिकेचे उपग्रह कोणी चोरून अणुचाचणी करतंय का यावर पाळत ठेवत होते, त्यांना तो दिसला. जाहीर व्हायला १९७३ उजाडलं. पुढची जवळपास पंचवीस वर्षं हे स्फोट किती लांबचे, यावर नुसते वाद. १९९१ पासून नऊ वर्षांत बॅट्सी या उपकरणाने २,७०४ स्फोट मोजले, ते आकाशभर सारखे विखुरलेले, तरी अंतर हाती नाही. मग २८ फेब्रुवारी १९९७ ला इटली आणि नेदरलँड्सच्या बेपोसॅक्स उपग्रहाने एक स्फोट पकडला आणि साधारण आठ तासांनी आपल्या एक्स-रे दुर्बिणी तिकडे वळवल्या. तिथे एक ठिपका होता. पण ठिपके काय, कुठेही सापडतात. तीन दिवसांनी त्यांनी परत बघितलं, तर तो वीसेक पटींनी मंद झाला होता. त्यावरून ठरलं की हाच. त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या स्फोटाच्या धगीवरून अंतर निघालं, ते अब्जावधी प्रकाशवर्षांचं.

"ठिपका दिसला यात काही नाही," ती म्हणाली. "तो विझतोय हे दिसायला हवं."

मला हे पचायला वेळ लागला. आमच्या धंद्यात पेशंट हलला तर प्लेट फुकट. सगळं जागच्या जागी हवं. इथे जो जागचा हलत नाही, बदलत नाही, तोच बाद.

मग वहीप्रमाणे पहिल्या पानापासून. एक्सआरटी या स्फोटाकडे १२४ सेकंदांत वळली होती. रेघेचा भाग या वेळी नीट समजून घेतला. पुढे चित्रांकडे आलो तर पहिल्या दिवसाच्या चित्रात ठिपक्याच्या मधोमध जरा पोकळ, काळपट. फिल्म जास्त एक्स्पोज झाली की जसा प्रकार, तसंच काहीसं कारण निघालं. चित्राच्या पद्धतीत सीसीडी अडीच सेकंदांनी एकदा वाचला जातो. तेवढ्यात एकाच घरात दोन फोटॉन पडले तर तो त्यांना एकच समजतो, दुप्पट ऊर्जेचा. कण कमी मोजले जातात, ऊर्जा जास्त लागते. ठिपका सेकंदाला साधारण अर्ध्या कणाच्या वर गेला की ही भानगड सुरू. उपाय: मधला भाग कापून टाकायचा आणि बाजूच्या कड्यावरून एकूण अंदाज बांधायचा. पुतणीने वहीत 'वलय' लिहिलं होतं. मी खोडून 'मेदूवडा' लिहिलं, आता तेच राहिलंय.

निरीक्षणांत खंडही फार. उपग्रह दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत बराच वेळ पृथ्वीच आड येते. त्यामुळे आलेखात बिंदूंचे पुंजके, मध्ये रिकामं. सुरुवातीला हे खटकलं. नंतर सवय झाली. आपल्याला तरी कळवा ते ठाणे सलग असं कधी काय मिळतं.

आलेख मी कागदावर काढायचं ठरवलं. पुतणीला हा वेडेपणा वाटला. पण मला स्क्रीनवरचं काही खरं वाटत नाही, प्लेट हातात धरून व्ह्यू-बॉक्सवर लावल्याशिवाय हाड मोडलंय असं वाटायचंच नाही, त्यातलाच प्रकार. नौपाड्यात स्टेशनरीच्या दुकानात लॉग-लॉग ग्राफपेपर मागितला, आडवा-उभा दोन्हीकडे दर टप्पा दहापटीचा असतो तो. "सेमी-लॉग चालेल? इंजिनिअरिंगची पोरं तोच नेतात." म्हटलं नाही चालणार. तो आत गेला आणि कडा पिवळ्या पडलेला एक गठ्ठा घेऊन आला. "कोणी मागत नाही. चार पानं घ्या, पैसे दोनाचे द्या."

दोन पानं सेलोटेपने जोडावी लागली. १०० सेकंदांपासून १२५ दिवसांपर्यंत जायचं म्हणजे दहापटीचे पाच टप्पे (त्यांना दशकं म्हणतात), एका पानात मावेनात. जेवणाच्या टेबलावर ते अंथरून रोज रात्री चार-पाच बिंदू मांडायचे. सुरुवातीचा बिंदू म्हणजे काही सेकंदांचे कण, शेवटचा म्हणजे कित्येक दिवसांचे मिळून. प्रत्येकातून पार्श्वभूमी वजा करायची: तेवढ्याच आकाराचं वर्तुळ रिकाम्या जागी काढून तिथले भटके कण मोजायचे. नऊ कण असतील तर तीनची चूक धरायची, वर्गमूळ. त्या चुकीची उभी दांडी बिंदूला काढायची. शेवटाकडे दांड्या बिंदूंपेक्षा मोठ्या होत गेल्या.

आणि आकार दिसायला लागला. आधी कड्यावरून कोसळावं तसा उतार. मग पठार, खरंखुरं, माझ्या त्या नकली पठारासारखं नव्हे. तासामागून तास रेघ जवळजवळ आडवीच. १६-१७ तासांच्या सुमारास ती वळते आणि सरळ खाली. पट्टी ठेवून उतार मोजला, सव्वाच्या जरा वर आला. मग परवानगी घेऊन या स्फोटावरचा छापलेला शोधनिबंध बघितला: वळण ६० हजार सेकंदांना, पठाराचा उतार ०.१४, नंतरचा १.२९. म्हणजे पठारावर काळ दहापट झाला तरी धग जेमतेम पाऊणपर्यंत उतरते, आणि वळणानंतर तेवढ्यातच ती विसाव्या हिश्शावर येते. केंद्रात उरलेलं काहीतरी बराच वेळ मागून ऊर्जा पुरवत होतं, म्हणून पठार एवढं लांबलं, असं निबंध लिहिणारे म्हणतात. आईने कागद बघून विचारलं, "कोणी फुंकर घालत होतं का?" यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं. कणांच्या मोजणीवरून खरी ऊर्जा काढायचा भाग, वर्णपटाचा, तो पुतणीनेच केला. तो माझ्या डोक्यावरून गेला आणि तिथेच राहिला.

मधे एकदा तिला विचारलं, ही जागा आकाशात आहे तरी कुठे? तिने हिशोब करून सांगितलं, अगस्त्याच्या जवळजवळ बरोबर खाली, दहा अंशांवर. फेब्रुवारीत साडेआठच्या सुमारास आम्ही गच्चीवर गेलो. ठाण्याच्या धुरकटात दक्षिणेला एकटा अगस्त्य तेवढा दिसत होता. हात लांब करून मूठ त्याच्या खाली धरली. मूठ म्हणजे साधारण दहा अंश. करंगळीच्या खालच्या कडेशी ती जागा आली, बिल्डिंगांच्या दिव्यांत आणि धुळीत. काही दिसणार नव्हतंच. शेजारचे जोशीकाका पाण्याची टाकी बघायला आले होते, त्यांनी विचारलं काय शोधताय. पुतणी म्हणाली, "काकाचा पेशंट." ते खाली निघून गेले.

कागदावरचा शेवटचा बिंदू १२५ दिवसांचा, म्हणजे २००६ चा डिसेंबर उजाडताना. स्विफ्टला त्यापुढे ठिपका निराळा काढता येईना. माझ्या पुढच्या वर्तुळात जेवढे कण, तेवढेच रिकाम्या जागेत. पुतणी म्हणाली, अशा वेळी बिंदू देत नाहीत, खाली रोखलेला बाण काढतात. याच्या वर नक्की नाही एवढंच त्याचं म्हणणं. मी लाल पेनाने बाण काढला, त्याचं टोक कागदाच्या खालच्या कडेला टेकलं.

मग ती म्हणाली की चंद्रा या अंतराळातल्या एक्स-रे दुर्बिणीला हीच धग ६४२ दिवसांनंतरही दिसली होती, आणि तो बिंदूही मांडायला हवा. ६४२ दिवस म्हणजे साडेपाच कोटी सेकंद. आडवं एक दशक वाढलं, उभंही एक. दोन पानं अजून शिल्लक आहेत, पण टेबल संपलंय. सध्या कागद दिवाणाच्या मागच्या भिंतीवर लावलाय, आणि तिसरं पान कुठून जोडायचं यावर आईचं म्हणणं आहे की कॅलेंडर हलवायचं नाही.